बार उडण्याआधी

मूस हा हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. अलास्कातला भरात आलेला नर सातशे किलोंच्या घरात जातो आणि त्याच्यापासून सव्वादोनशे किलोंच्या आसपास मांस निघते. हे मांस रानाबाहेर आणणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे. शिंगे काढून घेतली आणि धड तिथेच टाकले, तर तो गुन्हा. रस्ता नसलेल्या दलदलीतून एवढे ओझे पाठीवर वाहायचे म्हणजे कितीतरी खेपा. म्हणून जाणता शिकारी बंदूक पुसण्याआधी नकाशा घेऊन बसतो. नदी कुठे, होडी कुठवर जाईल, नर कोणत्या उतारावर झाडाला शिंगे घासतो, कोणत्या खळग्यात लोळतो, हे तो आधी जाऊन पाहतो आणि तासन्‌तास दुर्बीण लावून बसतो. जनावर समोर आले तरी लगेच बार टाकत नाही. बऱ्याच भागांत शिंगांचा पसारा पन्नास इंच भरला, किंवा कपाळाजवळच्या फाट्यांची संख्या नियमात बसली, तरच तो नर मारता येतो. अंदाज चुकला की दंड. शिवाय पाण्यात उभ्या असलेल्या मूसवर गोळी झाडू नये, असे जुने शिकारी नव्यांना बजावतात, कारण गारठ्यात कमरेएवढ्या पाण्यातून ते धूड ओढून काढायचे कोणी? एकूण काय, बंदुकीचे काम क्षणाचे, बाकी सगळी पायपीट.

स्वीडनमध्ये हीच गोष्ट वैयक्तिक शहाणपणावर न सोडता कारभाराचा भाग केली आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या देशात एका हंगामात पावणेदोन लाखांच्या जवळपास मूस मारले गेले. अलीकडे तो आकडा निम्म्याहूनही खाली आला आहे. दर वर्षी किती मारायचे हे ठरते ते आधी केलेल्या नोंदींवरून. हंगामाच्या पहिल्या दिवसांत कोणाला किती नर, माद्या, पिल्ले दिसली ते शिकारी लिहून देतात. बर्फ वितळल्यावर ठरावीक जागांवर लेंड्यांचे ढीग मोजले जातात. कोवळ्या पाइनचे किती शेंडे खाल्ले गेले याची पाहणी होते, कारण मूसचा राग तिथल्या जमीनमालकालाही येतो. पाइन हे त्याचे पीकच. आणि जनावर जखमी होऊन पळाले तर दोन तासांच्या आत मागावर लावता येईल असा शिकवलेला कुत्रा हाताशी असावाच लागतो. श्रीमंत देशांचे चोचले म्हणून हे बाजूला टाकण्याचा मोह होईल. पण लेंड्या मोजायला पैसा लागत नाही, चालायला पाय लागतात.

हिंगोली जिल्ह्यात मूस नाही, दलदल नाही आणि हौसेच्या शिकारीचा परवानाही नाही. आहे तो रोही, म्हणजे नीलगाय. आहे रानडुक्कर आणि आहे काळवीट. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. उत्तरेला सेनगाव-हिंगोलीचा वाशीमला लागून असलेला चढउताराचा मुलूख, कळमनुरीकडे पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचा फुगवटा, मध्ये औंढ्याचे डोंगर आणि दक्षिणेला पूर्णेच्या पाण्यावरची वसमतची ऊस-हळदीची वावरे. दाट जंगल थोडे; माळ, गायरान, नाल्याकाठची झुडपे आणि पडीक जमीन मात्र तुकड्यातुकड्यांनी सगळीकडे. रोह्याला नेमके हेच मानवते. त्याला घनदाट अरण्य नकोच असते. दिवसा पडून राहायला आडोसा आणि रात्री चरायला शिवार, एवढे मिळाले की त्याचे भागते. सोयाबीन दोन पानांवर आले की तो येतो, तुरीचे शेंडे खुडतो, हरभऱ्यात बसतो. खाण्यापेक्षा तुडवण्याने जास्त नुकसान होते. त्यावर शेतकऱ्याचे उपाय कोणत्याही गावात पाहायला मिळतात: धुऱ्यावर काठ्या रोवून बांधलेल्या जुन्या साड्या, रात्रभर वाजणारा भोंगा, सुतळी बॉम्ब, झटका मशीन, आणि हे सगळे थकले की आखाड्यावरची जागल. दिवसभर राबलेल्या माणसाने थंडीत रात्रभर बॅटरी मारत बसायचे, ही या पिकाची कुठल्याही हिशेबात न धरलेली मजुरी.

यावर जाहीर चर्चा होते ती दोनच टोकांची. एक म्हणतो, गोळी घाला. दुसरा म्हणतो, हात लावू नका, भरपाई द्या. माझे म्हणणे असे की दोघांनीही पहिली पायरी सोडली आहे. आपल्या शिवारात रोही किती, त्यांचे कळप किती, माद्या किती, दिवसा ते कुठे असतात, कोणत्या नाल्याने उतरतात आणि कोणत्या धुऱ्यावरून शिरतात, हे गावाकडे लिहिलेले नाही. ते कळल्याशिवाय गोळीही वाया जाते, कुंपणही आणि भरपाईही. शिकारीची तयारी हा शिकारीचा सर्वांत उपयोगी भाग आहे, आणि शिकार करायची नसली तरी तो तितकाच उपयोगी राहतो.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू, कारण त्याच्याविषयी अर्धवट माहितीच फार फिरते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आणले, १९९१च्या दुरुस्तीने परवाना घेऊन हौसेने शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद केली. पण उभ्या पिकाला धोका झालेल्या प्राण्याबाबत कलम ११ मध्ये तरतूद आहे: मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी कारणे नोंदवून, लेखी आदेशाने, ठरावीक क्षेत्रातल्या त्या प्राण्याला किंवा प्राण्यांच्या गटाला मारण्याची परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१५ मध्ये रोही आणि रानडुकरासाठी ही वाट सोपी करणारा निर्णय काढला. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज आणि त्यावर २४ तासांत निर्णय, असा त्याचा रोख होता. २०२२च्या दुरुस्तीनंतर रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत, काळवीट मात्र पहिल्या अनुसूचीत, म्हणजे कडक संरक्षणात. आता कलम ११ पुन्हा वाचा. ठरावीक क्षेत्र, तो प्राणी, तो गट. कोणता गट हे सांगायला कोणीतरी त्याच्या मागावर गेलेले असले पाहिजे. ते झाले नसेल तर अर्जावर नुसते ‘रोही’ लिहिले जाते आणि अधिकारी सही करायला कचरतो; त्याच्या जागी बसलेला कोणीही कचरेल. सकाळी हरभरा खाल्लेला दिसला, पण खाणारे रोही होते की काळवीट, हेच पंचनाम्यात पक्के नसेल तर पुढे सगळेच लटकते.

आणि हे ओळखणे अवघड नाही, फक्त वेळेवर जावे लागते. तुषार सिंचनाने भिजलेल्या जमिनीवर उमटलेला ठसा सकाळी स्वच्छ वाचता येतो. डुकराच्या दोन मुख्य खुरांमागे दोन छोट्या मागच्या खुरांच्या खुणा बाजूला फाकलेल्या दिसतात. रोह्याचा ठसा मोठा, पुढे निमुळता. गुराचा त्याहून गोल आणि पसरट. काळविटाचा अगदी लहान, टोकदार. तुरीचा शेंडा छातीएवढ्या उंचीवर खुडलेला असेल तर ते डुकराचे काम नव्हे, आणि भुईमूग मुळासकट उकरला असेल तर ते रोह्याचे नव्हे. ठसा दवावर पडला आहे की दव ठशात पडले आहे, यावरून जनावर पहाटे गेले की रात्री आले ते कळते. कड अजून धारदार आहे का, आत मुंग्यांनी माती टाकली आहे का, यावरून दिवस मोजता येतात. रोह्याची आणखी एक सवय फार कामाची आहे: तो पुन्हा पुन्हा त्याच जागी लेंड्या टाकतो. माळावर लेंड्यांचा असा साचलेला उकिरडा सापडला की कळपाचा वावर कुठे आहे त्याचा पत्ताच मिळाला. त्याच्यापासून पाण्याकडे आणि पाण्यापासून पिकाकडे रेघ ओढा. येण्याची वाट त्या रेघेच्या आसपास निघते.

वाट सापडल्याने काय साधते, याचा दाखला टेक्सासमध्ये आहे, तोही आपल्याच रोह्याचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण टेक्सासच्या एका अवाढव्य रँचवर हिंदुस्थानी नीलगाई नेऊन सोडल्या. आज तिथे त्या हजारोंनी आहेत आणि परदेशी जनावर म्हणून त्यांची वर्षभर शिकार होते. तरीही त्या संपल्या नाहीत. पुढे गुरांना ताप आणणाऱ्या गोचिडांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा तिथल्या पशुवैज्ञानिकांनी प्रत्येक नीलगाईमागे बंदूक घेऊन धावण्याऐवजी तिच्या सवयी पाहिल्या. नीलगाय तारेवरून उडी मारण्यापेक्षा खालून घुसणे पसंत करते, आणि पुष्कळदा ठरलेल्या जागेवरूनच. मग त्या जागांवर आपोआप औषध फवारणारी यंत्रे बसवून पाहिली. आपल्याकडे धुऱ्यावरच्या तारेला खालच्या बाजूला अडकलेले राखाडी केस पाहून शेतकरी हळहळतो, तार ओढून घेतो आणि पुढच्या वावराकडे वळतो. ती जागा म्हणजे कळपाचा दरवाजा आहे हे ध्यानात घेतले, तर दहा एकरांना वेढा घालण्याऐवजी चार दरवाजे बंद करण्याचा विचार करता येतो. आज एकट्यादुकट्याने झटका मशीन बसवली की कळप शेजाऱ्याकडे सरकतो, शेजारी मशीन घेतो, कळप त्याच्या पुढच्याकडे. ज्याला परवडत नाही त्याच्या वावरात सगळे गोळा होतात. आणि परवडत नाही तोच कधी तारेत थेट घरगुती वीज सोडतो. त्यात जनावरांबरोबर माणसेही मेल्याच्या बातम्या मराठवाड्यात नव्या नाहीत.

गोळीवाल्यांसाठी बिहारचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. केंद्राने २०१५च्या अखेरीस तिथल्या काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुक्कर उपद्रवी म्हणून जाहीर केले, आणि २०१६च्या जूनमध्ये मोकामाच्या टाल भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या. दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांची त्यावरून जाहीर जुंपली, आणि सगळी चर्चा मेलेल्यांच्या आकड्याभोवती फिरली. मेलेल्यांचा आकडा मोजणे सोपे. त्यात माद्या किती, हा खरा प्रश्न. नर रोही निळसर काळा, उंच, उठून दिसणारा; मादी पिवळट तपकिरी, शिंगे नसलेली, झुडपात मिसळून जाणारी. घाईने गोळी घालणाऱ्याला नर दिसतो. पण एक नर अनेक माद्यांना पुरतो आणि मादीला जुळी होणे सामान्य आहे. दिसेल तो नर टिपून कळप कमी होत नाही, फक्त फोटो मोठा येतो. डुकरांचे तर विचारूच नका. एका वेतातली पिल्लेच नुकसान भरून काढतात. म्हणून ज्याला गोळीच हवी आहे त्यालासुद्धा आधी माग काढावा लागेल, त्याला तर अधिकच.

हा माग काढणार कोण? एकेकाळी हे शिवार वाचणारी माणसे इथे होती, आजही आहेत. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी हिंगोलीला होती. त्या काळातल्या साहेबी शिकारीत कातडे साहेबाच्या दिवाणखान्यात गेले, पण जनावरापर्यंत पोचवणारा माणूस स्थानिकच असे. फासेपारध्यांचे तर पोटच या विद्येवर होते: फास, वाघूर, पक्ष्यांची हुबेहूब शीळ. १८७१च्या कायद्यान्वये अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची सोय झाली, १९५२ मध्ये तो कायदा गेला, आणि वीस वर्षांनी वन्यजीव कायद्याने त्यांचा धंदाच गुन्हा ठरला. दुसरा धंदा मात्र कोणी हातात दिला नाही. त्या कायद्याची गरज मी नाकारत नाही. तो नसता तर आज वाद घालायला काळवीटही उरले नसते. पण शिकारीबरोबर माग काढण्याची विद्याही फेकून दिली गेली, ती फेकायला नको होती. कळमनुरी-औंढ्याकडच्या आंध आदिवासी गावांत, मेंढ्या घेऊन माळ तुडवणाऱ्या धनगरांत, सालगड्यांत ही नजर अजून आहे. तिला कोणी मजुरी देत नाही एवढेच.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: चोरट्या शिकारीचा शिक्का असलेल्यांच्या हाती कळपांचा पत्ता द्यायचा? पण पत्ता त्यांना आधीच ठाऊक आहे. ठाऊक नाही तो गावाला आणि खात्याला. शेजारच्या वाशीम आणि अकोला जिल्ह्यांत ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांना बरोबर घेऊन गवताळ माळ राखण्याचे आणि तणमोरासारख्या दुर्मिळ पक्ष्याची नोंद ठेवण्याचे काम करत आली आहे. मध्य प्रदेशात पन्ना इथे पारधी तरुण पर्यटकांना जंगल वाचून दाखवतात आणि त्याचे पैसे घेतात. राखणीतून मिळकत होते तिथे माणूस राखण करतो. याने प्रत्येक चोरटी शिकार थांबेल असा दावा कोणी करू नये. पण आज आपण ज्या व्यवस्थेचे रक्षण करतो आहोत तिच्यातही ती थांबलेली नाही.

दुसरा आक्षेप जास्त अभ्यासू मंडळींचा. ठशांवर विसंबण्याचा काय निकाल लागतो ते राजस्थानातल्या सरिस्काच्या जंगलाने दाखवले ना? कागदावर वाघ होते, २००५ मध्ये पाहतो तो एकही नाही, आणि त्यानंतर पंजांच्या ठशांवरची व्याघ्रगणना मोडीत निघून कॅमेरे आले. खरे आहे. मात्र तिथे फसले काय? एका ठशावरून एकेक वाघ ओळखण्याचा दावा, आणि आकडा वाढलेलाच दिसला पाहिजे हा वरचा दबाव. ‘या नाल्यातून आठ-दहा रोही रात्री उतरले’ असे सांगण्यात तसला दावा नाही. आणि आजच्या व्याघ्रगणनेतही कॅमेरे लावण्याआधी वनरक्षक बीटमध्ये चालत जाऊन विष्ठा, ठसे, ओरखडे यांची नोंद करतात. त्यावरूनच पुढचे काम आखले जाते. ड्रोन उडवा, कॅमेरे लावा, त्याला कोणाची हरकत? पण कॅमेरा कोणत्या बाभळीला बांधायचा हे कॅमेरा सांगत नाही. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघून हिंगोली जिल्ह्यातूनही गेलेला आणि तेराशे किलोमीटर चालून ज्ञानगंगा अभयारण्यात पोचलेला टी१-सी१ वाघ गळ्यातल्या पट्ट्यामुळे देशाला कळला. दर रोह्याला पट्टा घालायला कोणाकडे पैसा नाही, आणि गरजही नाही. रोही त्या वाघासारखा सहा जिल्हे पालथे घालत नाही, त्याचा मुलूख दोन-चार गावांच्या शिवारात मावतो.

शेतकऱ्याचा आक्षेप याहून सरळ आहे. माझे पीक आज खाल्ले जात आहे, तुम्ही वह्या कसल्या भरायला सांगता? या प्रश्नातला संताप मला पूर्ण मान्य आहे, निष्कर्ष नाही. भरपाईसाठीही वहीच लागते. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे २०२६च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान पीक विम्याच्या कक्षेत येणार आहे. त्यासाठी ७२ तासांत ॲपवर जागेच्या नोंदीसह फोटो टाकावे लागतील. नुसत्या आडव्या पडलेल्या पिकाचा फोटो वाऱ्यानेही तसाच येतो. शेजारी ठसा, ठशाशेजारी मापाला वीत किंवा काडेपेटी, खुडलेला शेंडा, लेंडी, एवढे टिपायला दहा मिनिटे पुरतात. एकट्याने जागली करण्यापेक्षा गावाने पंधरवड्यातून एकदा शिवारफेरी काढणे स्वस्त पडते. वही ठेवायला नवी समिती नको. जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही आधीच सांगितली आहे. या नोंदवह्या सहसा एकदा भरून कपाटात जातात. त्यात ताज्या लेंड्यांच्या जागा लिहिल्या, तर त्या कपाटाबाहेर येतील.

वन्यजीवप्रेमींना वेगळीच शंका असते: एकदा आकडे हाती आले की बंदूक मागणारच. मागतील. काही ठिकाणी ती मागणी योग्यही असेल, आणि हे मान्य करायला संकोच कशाला? वसमतच्या उसात डुकरांचा कळप वर्षभर मुक्काम ठोकून असेल आणि आसपासच्या भुईमुगाचा नांगरट केल्यासारखा निकाल लावत असेल, तर तिथे साड्या बांधून काही होणार नाही. पण त्या परवानगीला मूसच्या शिकारीचे नियम लावा: मारणाऱ्याने आधी येऊन कळप पाहावा, माद्यांचा अंदाज लिहून द्यावा, ऊसतोडीमुळे कळप उघड्यावर येतो तेव्हाच काम करावे, आणि जखमी होऊन निसटलेल्या जनावरामागे जाणारा माणूस आधी ठरवून ठेवावा. स्वीडनमध्ये मांस शिकाऱ्याच्या घरी जाते, म्हणून तो इतकी पायपीट करतो. इथे मारलेले जनावर सरकारचे, त्याची विल्हेवाटच लावायची, तेव्हा ही पायपीट कोणी फुकट करणार नाही. माग काढणाऱ्याची रोजी वनखात्याने द्यावी, नेमबाजाच्या मानधनाइतकी द्यावी, आणि ती आधी द्यावी. इसापूरच्या काठचा, सेनगावच्या माळावरचा रोही हा मात्र बहुतेक ठिकाणी बंदुकीचा प्रश्न ठरणार नाही, असा माझा अंदाज आहे. तिथे वाटा सापडल्या, चार गावांनी मिळून त्या बंद केल्या आणि गायरानावर गवत राहू दिले, तर बरेच भागेल. अंदाज चुकला तर तो चुकल्याचेही वहीतच दिसेल. हरभरा दिवाळीनंतर उगवून वर येईल, पहिल्या पाण्याने जमीन मऊ होईल. ठसे वाचायला वर्षातला याहून सोयीचा काळ नाही, आणि कळपही तेव्हाच शिवारात असतो.